आदिमानव गुहेत राहत होता का?

प्रश्न : आदिमानव म्हटला की गुहेत राहणारा माणूसच चित्रांतून दाखवला जातो. परंतु गुहेत काळोख, ओल आणि चूल पेटवली तर धूर. अशा जागी माणसे कशी राहिली असतील?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. गुहेच्या पोटात सहसा कोणी राहत नसे. वस्ती असे ती तोंडाशी, जेथवर उजेड पोहोचतो आणि जेथून धूर बाहेर पडतो तेथे, किंवा पुढे झुकलेल्या कातळाखालील उथळ शैलाश्रयात. पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये शोधलेली मध्य प्रदेशातील भीमबेटकाची स्थळे गुहा म्हणून ओळखली जात असली, तरी त्यांतील बहुतेक असे शैलाश्रयच आहेत.

अशा ठिकाणी माणसे नुसती आडोशाला बसत नसत. दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू येथे सुमारे ७७,००० वर्षांपूर्वीचे अंथरूण सापडले आहे. लव्हाळ्याचा थर आणि त्यावर, डास व इतर कीटकांना दूर ठेवणारी द्रव्ये असलेल्या एका झाडाची पाने, अशी त्याची रचना आहे. पुढच्या काळात तेथील जुनी अंथरुणे वेळोवेळी जाळून त्यांवर नवी घातलेली दिसतात. घर नीट ठेवण्याची ही काळजी मला फार मोलाची वाटते.

मात्र हा मुक्काम बारमाही नसे. शिकारीमागे व ऋतूंमागे माणसे हलत आणि रिकाम्या गुहेत तरस, अस्वल, बिबटे शिरत. म्हणून गुहेतले प्रत्येक हाड माणसाच्या जेवणातले नसते. दक्षिण आफ्रिकेतीलच स्वार्टक्रान्स येथील एका मानवसदृश बालकाच्या कवटीला दोन छिद्रे आहेत. ती बिबट्याच्या सुळ्यांशी जुळतात, हे जीवाश्मांचे अभ्यासक सी. के. ब्रेन यांनी दाखवून दिले. उघड्यावरचे तळ पाऊस आणि पूर यांनी पुसले गेले, तर गुहेत छताखाली राख व अवजारे थरावर थर साचून राहिली आणि चुनखडीमुळे हाडेही टिकली. ‘गुहामानव’ ही आपली कल्पना मुख्यतः या टिकून राहिलेल्या पुराव्यावर उभी आहे.

खोल भागात माणूस जातच नसे, असेही नव्हे. फ्रान्समधील ब्रुनिकेल गुहेत, तोंडापासून ३३६ मीटर आत, ठिबकत्या पाण्याने घडलेले चुनखडीचे खांब तोडून त्यांची वर्तुळाकार कडी रचलेली आहेत. ती सुमारे १,७६,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे निअँडरथल या आता नामशेष झालेल्या मानवाची आहेत आणि त्यांवर आगीच्या खुणाही आहेत. इतक्या आत उजेड बरोबर न्यावा लागतो आणि अनेकांनी मिळून काम करावे लागते. निवाऱ्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे काहीच कारण नव्हते.