जांघेतला टाका कशासाठी?

प्रश्न: डॉक्टर, आईचं एएफचं (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) अॅब्लेशन झालं, म्हणजे नळ्या घालून हृदयातला ठोके बिघडवणारा भाग निकामी केला, जांघेत टाका घातलाय आणि पाय हलवू नका म्हणतात, शीर कापली का हो?

उत्तर: नाही ताई, जांघेतल्या शिरेला सुईने भोक पाडून तिथूनच नळ्या हृदयापर्यंत नेतात. शिरेतला दाब धमनीपेक्षा खूप कमी, म्हणून बरेचदा नुसतं हाताने दाबूनही भागतं, पण अॅब्लेशनच्या नळ्या जाड आणि वर हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, दिलेलं, त्यामुळे इंग्रजी आठसारखा टाका कातडी आणि खालच्या चरबीतून घेतात, तो शिरेत जातच नाही, तिथला भाग आवळून भोकावर दाब बसतो. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी काढतात. तोवर पाय सरळच हवा, कितीही कंटाळल्या तरी! रक्त आलं किंवा जागा फुगली तर घट्ट दाबून धरा, लगेच नर्सला बोलवा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका प्लीज.