टोटल लॉस ठरलेली जीटी86 ट्रॅकसाठी विकत घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिलावात एक टोयोटा जीटी86 आली आहे. पुढून डाव्या बाजूला ठोकलेली, एअरबॅग फुटलेल्या, विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली. इंजिन सुरू होतं असं विकणारा सांगतो. गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, फक्त ट्रॅकवर पळवायची आहे, मग घ्यायला हरकत काय?

हरकत नाही, फक्त तिला मार कुठे बसलाय यावर सगळं ठरतं. दुरुस्तीचा खर्च बाजारभावाच्या फार जवळ गेला की विमा कंपनी गाडी बाद करते. त्या खर्चात काय काय धरलेलं असतं? डॅशबोर्ड, एअरबॅग, छतालगतच्या पडदा एअरबॅग आणि त्यांच्यासोबत छताचं अस्तर, प्रीटेन्शनर (धडकेत बेल्ट क्षणात आवळणारी यंत्रणा) उडालेले सीटबेल्ट, हेडलाइट, बंपर, बॉनेट, एसीचा कंडेन्सर, शिवाय कंपनीच्या दर्जाचं पेंटिंग. यातलं निम्मंअधिक तुम्ही ट्रॅकच्या गाडीतून काढूनच टाकणार आहात. म्हणून तुमच्यासाठी चांगली गाडी ती, जिचा मार तुम्हाला नको असलेल्या वस्तूंवर बसलाय. सांगाडा आणि चाकं धरून ठेवणारे भाग यांना मार असेल, तर किंमत कितीही पडली तरी ती गाडी स्वस्त नाही.

फोटोवरून यातलं काहीच कळत नाही. बंपर लोंबतोय, बॉनेट चुरगळलंय, हे भीतीदायक दिसतं आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. उलट डावं चाक जरासं मागे सरकलेलं असतं, ते फोटोत नजरेस येत नाही आणि तेच महागात पडतं. प्रत्यक्ष जा. आधी दोन्ही दारं उघडझाप करा. दार उचलून लावावं लागत असेल किंवा दाराच्या वरच्या कडेची फट पुढून मागे बदलत जात असेल, तर मार पिलरपर्यंत, म्हणजे दाराशेजारच्या छत पेलणाऱ्या खांबापर्यंत, पोचलाय. मग बॉनेटखाली पत्र्याच्या सांध्यांवरचं सीलंट नखाने चाचपून बघा. ते तडकलं असेल किंवा त्याच्या कडेला रंगाला बारीक सुरकुत्या पडल्या असतील, तर तिथला पत्रा हललाय. मागच्या चाकांवरच्या पॅनेलवरही अशा सुरकुत्या शोधा, कारण पुढचा जोरदार धक्का सांगाड्यातून मागे जातो.

त्यानंतर टेप काढा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) मोजून तुलना करा, आणि दोन्ही स्ट्रट टॉवरपासून (पुढच्या चाकांचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचे खांब, वर जिथे बसतात ते उंचवटे) फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) ठरावीक भोकांपर्यंतचे कर्ण मोजा. दुरुस्तीच्या कामात साधारण 3 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. त्याहून जास्त असेल तर गाडी जिगवर, म्हणजे सांगाडा सरळ करायच्या चौकटीवर, चढवून ओढावी लागेल.

शक्य असेल तर घेण्याआधी अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांच्या मोजणीचा, कागद मिळवा. बरेच जण त्यात फक्त कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत की बाहेर) बघतात, तुम्ही स्टिअरिंग अक्षाचा कल आणि इन्क्लुडेड अँगलही बघा. चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा कल आणि कॅम्बर यांची बेरीज म्हणजे इन्क्लुडेड अँगल. ही बेरीज नकल (चाकाचा हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) आणि स्ट्रट यांच्या आकारावरून ठरते, सांगाड्याशी तिचा संबंध नसतो. म्हणून डावं-उजवं ताडून बघितलं की दोष कुठे आहे ते कागदच सांगतो. डावीकडचा कॅम्बर बिघडलाय आणि बेरीजही बिघडलीय, तर नकल किंवा स्ट्रट वाकलाय. हे दोन्ही बोल्ट काढून बदलता येतात, आनंदाने घ्या. कॅम्बर बिघडलाय पण बेरीज उजव्या बाजूइतकीच आहे, तर टॉवर, खालचा आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा क्रॉसमेंबर (ते आर्म जिथे जोडतात ती आडवी चौकट) जागचा हललाय. आर्म आणि क्रॉसमेंबरही बोल्टवरच असतात, टॉवर मात्र सांगाड्याचाच भाग. मधल्या काळात कोणी कॅम्बर बोल्ट फिरवले असतील तर हा हिशेब फसतो, तेवढं विचारून घ्या. कागद मिळालाच नाही तर एक जुनी युक्ती आहे: स्ट्रटच्या वरचा नट सैल करून रॉड हळूहळू फिरवा आणि दुसऱ्याला चाकाच्या वरच्या कडेवर नजर ठेवायला सांगा. कड आतबाहेर होत असेल तर रॉड वाकलेला आहे.

टॉवर हललाच असेल तर? साध्या पत्र्याचा असेल तर चांगला कारागीर तो ओढून जागेवर आणतो. पण आजच्या गाड्यांत पिलर आणि दारांखालच्या बीममध्ये अतिमजबूत पोलाद वापरतात. गरम अवस्थेत ठोकून घडवलेल्या बोरॉन पोलादाची ताकद 1500 मेगापास्कलच्या आसपास जाते, आणि ते तापवून सरळ केलं की ती ताकद गेली. असा भाग कंपनीने सांगितलेल्या सांध्यावरच कापून नवीन बसवावा लागतो. 'गॅस मारून सरळ करतो' म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला तिथेच नमस्कार करा.

ॲल्युमिनियमचे ओतीव भाग, म्हणजे हब कॅरियर, गिअरबॉक्सचं घर, इंजिनाचे माउंट, सहसा वाकत नाहीत, ते तडकतात. तडे केसाएवढे असतात. डाय पेनेट्रंटचा, म्हणजे तड्यात मुरणाऱ्या रंगाचा, संच आणा. भाग स्वच्छ धुवा, लाल द्रव फवारा, थोडा वेळ मुरू द्या, पुसून टाका आणि वरून पांढरं डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. धडक बसलेल्या कोपऱ्यातला एकही ओतीव भाग या चाचणीशिवाय परत वापरू नका. त्या चाकाचं बेअरिंग तर सरळ नवंच टाका, फिरवून बघत बसू नका.

'इंजिन सुरू होतं' या वाक्यावर जाऊ नका. रेडिएटर फुटल्यावर ते किती वेळ चालू होतं हे महत्त्वाचं, कारण तापलेल्या इंजिनाचं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) पुढे ट्रॅकवर त्रास द्यायला लागतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो) आणि लीक-डाउन (तो दाब कुठून गळतो), दोन्ही चाचण्या करून घ्या.

जीटी86 या कामाला बरी गाडी आहे. पुढचा क्रॉसमेंबर बोल्टवर निघतो आणि सुटे भाग मिळतात. हाच प्रश्न लोटस एलिसबद्दल असता तर मी खूप कचरलो असतो. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचे भाग इपॉक्सीने चिकटवून केलेला असतो. तो वाकला की ओढून सरळ करणं हा मार्गच नाही, पूर्ण सांगाडा बदलावा लागतो. आणि गाडी कुठलीही असो, पुरात बुडालेली किंवा जळालेली अजिबात घेऊ नका. बुडालेल्या गाडीचे वायरिंगचे कनेक्टर आतून हिरवे पडत जातात आणि दोष प्रत्येक वेळी नव्या जागी उगवतो. जळालेल्या गाडीत ॲल्युमिनियमचा ताव, म्हणजे उष्णता देऊन आणलेली मजबुती, उतरलेला असतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. मालकीचा कागद आणि चावी मिळतेय ना, एवढं नक्की करा, नाहीतर इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) तुम्हाला जागच्या जागी बसवून ठेवेल. काही देशांत बाद गाड्यांना वर्ग देतात. ब्रिटनमध्ये 2017 पासून 'एस' म्हणजे सांगाड्याला मार आणि 'एन' म्हणजे सांगाडा शाबूत. पण 'एन'च्या गाडीतही स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांना मार असू शकतो, म्हणून वर्ग बघून तपासणी टाळू नका.

आता सुरक्षेचं, आणि इथे मी कळकळीने सांगतोय. सांगाडा मोजून सरळ होईपर्यंत रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा केबिनमधला पोलादी पाइपांचा पिंजरा) वेल्ड करू नका, नाहीतर वाकडेपणा कायमचा बंदिस्त होतो. केज कराल तर पाइप मापाचाच हवा. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेच्या) नियमांत चालकामागच्या मुख्य कमानीला सांधाविरहित, कोल्ड-ड्रॉन पोलादाचा किमान 45 × 2.5 किंवा 50 × 2.0 मिलिमीटरचा पाइप लागतो. केज नसताना फक्त हार्नेस (दोन्ही खांदे घट्ट बांधणारा रेसिंगचा पट्टा) लावणं धोक्याचं आहे. गाडी उलटून छत खाली आलं तर साध्या सीटबेल्टमध्ये अंग बाजूला कलू शकतं, हार्नेस मात्र ते ताठ धरून ठेवतो. केज घातलेली गाडी हेल्मेटशिवाय चालवू नका, कारण डोक्याशेजारी पोलादी पाइप आलेला असतो. उडालेले प्रीटेन्शनर असलेले जुने बेल्ट परत वापरायचा विचारही नको. आणि न फुटलेली एअरबॅग राहिली असेल तर बॅटरी काढून, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच तिला हात लावा. ती स्फोटक वस्तू आहे.

पैशांचा हिशेब मांडताना गाडीची किंमत आणि पत्र्याचं काम एवढ्यावर थांबू नका. केज, सीट, हार्नेस, ब्रेक पॅड, टायर, ऑइल कूलिंग हे सगळं धडधाकट गाडीलाही लागलंच असतं, म्हणून ते वेगळ्या रकान्यात लिहा. मग फक्त अपघाताने वाढवलेला खर्च आणि लिलावात वाचलेले पैसे समोरासमोर ठेवा. कोणीतरी आधीच तयार केलेली, केज घातलेली ट्रॅक गाडी विकायला आहे का, तेही याच टप्प्यावर बघा. त्या बऱ्याचदा बनवायला लागलेल्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी भावात जातात. स्वतःच्या हातांनी गाडी उभी करण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी, आणि तुमच्या प्रश्नावरून मला ती हौस दिसतेय.

गाडी तयार झाली की पहिल्याच दिवशी वेळ लावायला जाऊ नका. ब्रेक ऑइल ताजं भरा. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर मानकात तो 155 वर येतो. पहिली काही चक्करं अर्ध्या जोरात मारून आत या, गाडी थंड होऊ द्या, सस्पेन्शनचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलंय ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासा आणि बोल्ट फिरला तर कळावं म्हणून रंगाच्या पेनने खुणा करा. दिवस संपल्यावर पुन्हा अलाइनमेंट मोजा. खुणा जागेवर असूनही डाव्या पुढच्या चाकाचे आकडे सरकले असतील, तर तिथे काहीतरी अजून वाकतंय. मग तो कोपरा पुन्हा खोला आणि कारण सापडेपर्यंत गाडी ट्रॅकवर नेऊ नका.