रोबोट आपल्या मनानं कापते का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, बाबाले नागपूरले नेलं, दुर्बीण टाकली तवा मोठ्या आतड्यात गाठ निघाली. गावात म्हणतात आता रोबोटनं ऑपरेशन होते. मशीन मनानंच कापते का? लय भेव वाटते.
– एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, मशीन मनानं काहीच करत नाही, डॉक्टरच कन्सोलवर, म्हणजे पडदा अन् दांडे असलेल्या टेबलापाशी, बसून चालवतात, मशीन फक्त त्यांच्या हाताची हालचाल बारीक करून आत पोचवते आणि हाताची थरथर गाळते. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दा विंची रोबोटचे हात सरळ दांड्याचे, ते पोटाला छोटी भोकं पाडून आत जातात.

लवचिक, म्हणजे वाकणाऱ्या नळीचा रोबोट वेगळा. मोठं आतडं साधारण दीड मीटर, सगळं वळणावळणाचं, मागून दुर्बीण ढकलली की ती आत गोल वळते अन् आतडं ताणलं जातं, बाबांना जे दुखलं असेल ते बहुतेक त्यानंच. दुर्बिणीच्या आत तारा असतात, बैलाचा कासरा ओढला की तो वळतो ना, तसं तार ओढली की टोक वळतं. रोबोटमध्ये ह्याच तारा मोटर ओढते. फुफ्फुसातून तपासणीसाठी बारीक तुकडा काढायचा आयन नावाचा असा रोबोट २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, त्याची नळी फक्त साडेतीन मिलिमीटर जाड!

पण तुम्ही आधी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट आणा. कॅन्सर नसलेली लहान गाठ बरेचदा साध्या दुर्बिणीतूनच निघते, रोबोट लागतच नाही. कापूस वेचणी आहे म्हणून तारीख पुढं ढकलू नका, एवढं माझं ऐका.