आरोग्य प्रश्नोत्तरे : संधिवात असलेल्या मुलांनी खेळावे की बसून राहावे?

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीला दोन वर्षांपासून उजव्या गुडघ्याचा आणि डाव्या मनगटाचा संधिवात आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला ‘जेआयए’ म्हटले आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी चालू आहे आणि गेले चार महिने सूज नाही. तरीही घरातील वडीलधारी माणसे तिला जिना चढू देत नाहीत आणि शाळेत पी.टी.च्या तासाला ती वर्गात एकटीच बसते. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायचे म्हणून तिने हट्ट धरला आहे. खेळू दिले तर सांधे झिजतील का?
— एक आई, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : ताई, ‘झिजतील’ या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या घरातील भीतीचे मूळ त्यातच आहे. आजीच्या गुडघ्यात वयोमानाने कूर्चा झिजलेली असते. तुमच्या मुलीच्या गुडघ्यात तसे काही झालेले नाही. तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटली, त्यामुळे सांध्याच्या आतले अस्तर सुजले. सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेल्या, निदान सहा आठवडे टिकलेल्या आणि दुसरे कारण न सापडलेल्या अशा संधिवातालाच ‘जुव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’, म्हणजे जेआयए, म्हणतात. तो खेळण्याने होत नाही आणि खानापूरच्या पावसानेही होत नाही. थंडी-पावसात सांधे जास्त आखडल्यासारखे वाटतात, एवढेच. सांध्याचे खरे नुकसान होते ते औषधाविना राहून गेलेल्या सुजेमुळे. तुमच्या मुलीची सूज औषधाने आटोक्यात आहे. अशा मुलांनी बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम केल्यास आजार बळावत नाही, हे अभ्यासांतून दिसून आलेले आहे.

उलट बसून राहण्याची किंमत मोठी असते. शिंप्याकडे असते तशी टेप घ्या, मुलीला पाय सरळ ठेवून बसवा आणि गुडघ्याच्या वाटीपासून १० सेंटिमीटर वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. उजवी मांडी डावीपेक्षा बारीक भरण्याची शक्यता बरीच आहे. गुडघा सुजला की मांडीच्या पुढचा स्नायू फार लवकर वाळतो, आणि सूज उतरली तरी तो आपोआप भरून येत नाही. गुडघ्याला सावरून धरणारा स्नायू हाच. तो दुबळा राहिला तर साध्या चालण्याचाही भार सांध्यावर येतो. हाडांचेही तसेच आहे. ती आयुष्यभराची बळकटी याच वयात साठवतात आणि त्यासाठी पायांवर भार पडावा लागतो. स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे.

मांडीसाठी एक व्यायाम आजच सुरू करता येईल. चटईवर पाय पसरून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबायला सांगा. पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचे, मग सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. व्यायाम संपला की गुंडाळी मात्र काढून घ्या. दुखऱ्या गुडघ्याखाली रात्रभर उशी ठेवण्याची पद्धत अनेक घरांत मायेपोटी चालते, पण तशा वाकलेल्या स्थितीत राहून राहून गुडघा आखडतो आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. म्हणून झोपताना पाय सरळच असू द्या.

आता लेझीम. डॉक्टरांनी तपासून सूज नाही असे सांगितले असेल, तर तिला पाठवा, असेच मी म्हणेन. सराव बहुधा संध्याकाळी असतो आणि ते सोयीचे आहे, कारण हा आखडलेपणा सकाळी जास्त असून दिवस वर येईल तसा सैल होतो. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटे पुरे, मग थोडी थोडी वेळ वाढवावी. लेझीम हलकी घ्यावी. खाली बसून उठण्याचे आणि उड्यांचे हात सुरुवातीला तिने उभ्यानेच करावेत. सूर्यनमस्कार घालत असेल, तर मनगट दुखत असताना तळहातांवर शरीराचा भार येणाऱ्या स्थिती गाळाव्यात. किती झेपते हे ओळखायला सोपी खूण आहे : खेळल्यानंतर थोडे दुखणे चालेल, पण दुखणे दोन तासांपेक्षा जास्त टिकले किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा नेहमीपेक्षा जास्त आखडला, तर पुढच्या वेळी वेळ कमी करायची. खेळ बंद करायचा नाही.

सूज पुन्हा आली तर मात्र उड्या आणि धावणे थांबवा व डॉक्टरांना कळवा. त्या दिवसांतही सांधा दिवसातून दोन-तीनदा, दुखणार नाही अशा बेताने, हळुवार वाकवून सरळ करायचा असतो. विश्रांती सुजलेल्या सांध्याला हवी, सगळ्या मुलीला नव्हे. तापाबरोबर एकच सांधा लाल, गरम होऊन हातही लावू देत नसेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे, एसएसएलसी (दहावी) झालो आहे आणि कबड्डी खेळतो. टाचेच्या मागे आणि कमरेत दुखते. डॉक्टरांनी एन्थेसायटिसशी संबंधित संधिवात सांगितला आहे. सामन्याआधी मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली की खेळता येते. वडील म्हणतात, खेळ कायमचा सोड. काय करू?
— एक खेळाडू, निपाणी

उत्तर : स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात, तिथे या प्रकारात सूज येते, तुझ्या बाबतीत ती टाचेच्या मागच्या जाड शिरेशी आहे. गोळी घेऊन सामना खेळणे तू आजपासून थांबव. दुखणे ही त्या जागेची हाक असते आणि ती दाबून चढाई केली, तर इजा किती झाली हे तुला सामना संपल्यावरच कळेल. शिवाय घाम जाऊन शरीर कोरडे पडलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला आणि पोटाला बाधू शकतात. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेले औषध वेगळे. ते स्वतःच्या मनाने बंद करू नकोस.

वडिलांना माझ्याकडून एवढे सांग की या आजारातली कंबर बसून राहिल्याने अधिक आखडते आणि हालचालीने मोकळी होते, त्यामुळे व्यायाम ‘कायमचा’ सोडणे हा उपाय नव्हे. टाच शांत होईपर्यंत पोहणे आणि सायकल चालवणे यांवर दम टिकवता येईल. भिंतीला हात टेकून पोटरीचा हळू ताण रोज घे आणि टाचेला मऊ आधार असलेले बूट वापर. सूज गेल्यावर आधी चालणे, मग सरळ रेषेत धावणे, मग वळणे व उड्या आणि सर्वांत शेवटी पकड असा क्रम धर. चढत्या पायरीला दुखले, तर आधीच्या पायरीवर आठवडाभर थांब. मान दुखत किंवा आखडत असेल, तर तपासणी झाल्याशिवाय कबड्डीच्या मैदानावर उतरू नकोस.

प्रश्न : माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी आहे. पालकांनी ‘खेळातून सूट’ मागितली आहे. द्यावी का?
— एक शारीरिक शिक्षण शिक्षक, चिकोडी

उत्तर : सर, सरसकट सूट देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगितली आहे आणि त्यातून शारीरिक अडचण असलेली मुले वगळलेली नाहीत. तुमच्या विद्यार्थ्याला तिथवर पोहोचायला वेळ लागेल, एवढाच फरक.

शनिवारच्या सकाळच्या शाळेतील कवायत हीच अशा मुलांची सर्वांत कठीण वेळ असते, कारण सांधे तेव्हा आखडलेले असतात. त्याला घरून कोमट पाण्याने अंघोळ करून यायला सांगा, पहिली दहा मिनिटे मैदानाला चालत फेऱ्या मारू द्या आणि मग रांगेत घ्या. कुठल्या दिवशी काय झेपते, हे त्याने सांगावे आणि ते सर्वांसमोर पुन्हा सिद्ध करून दाखवायला लागू नये. इतर तासांना अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन पावले चालण्याची मुभा त्याला असावी. त्यासाठी वर्गशिक्षकांशी बोला. पालकांना सूटपत्राऐवजी काय चालेल व काय नाही हे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र आणायला सांगा आणि ते मराठीबरोबर कन्नडमध्येही असू द्या, म्हणजे उद्या तालुक्याच्या क्रीडास्पर्धेला तो तुमच्याबरोबर आला, तर तिथल्या पंचांना वाचून दाखवता येईल.