विंचू चावलेलं पोरगं आलं तर
अरे कोकणातल्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) जॉइन होतोयस ना, मग लाल विंचवाचं नीट ऐक, पेशंट नुसता ठणका लागला म्हणून ओरडत असेल तर बहुतेक वेळा निभावतं, पण पोरगं गप्प, दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार म्हणजे विष भिनलंय. प्राझोसिन, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, लगेच, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, दर 3 तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हेच दाखवून दिलं, त्याआधी किती पोरं गेली रे. प्रतिविष असेल तर तेही लवकर दे. आणि प्राझोसिन दिल्यावर आडवंच ठेव, उठवून बसवलं की बीपी पडतं. मी रात्रभर पावलं चाचपत बसायचो, पहाटे अंगठा कोमट लागला की जिवात जीव यायचा. खोकला, धाप सुरू झाली तर फुफ्फुसात पाणी झालंय समज, ऑक्सिजन लाव आणि रेफर कर.