मान्यता आहे, पण वॉर्डात शिकवणार कोण?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीला दोन नर्सिंग कॉलेजांत प्रवेश मिळतोय. पहिल्याची इमारत नवी, स्किल लॅब मोठी, सरावासाठी श्वास घेणारे आणि बोलणारे पुतळे. पण स्वतःचं रुग्णालय नाही, मुलींना करार केलेल्या रुग्णालयांत पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला, पाठवतात. दुसऱ्याची इमारत जुनी, लॅब जेमतेम, पण शेजारीच गजबजलेलं मोठं रुग्णालय. दोन्हींना मान्यता आहे. तुमचे भाऊ म्हणतात, "मान्यता असली की सगळी कॉलेजं सारखीच, जवळचं घे." तुम्हाला ते पटत नाही, पण का ते नेमकं सांगता येत नाही.

तुमची शंका रास्त आहे. मान्यता हवीच. तिच्याशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. त्यामुळे दोन्ही नावं आधी नर्सिंग परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. कॉलेजच्या भिंतीवरच्या फलकावर विसंबू नका. पण मान्यता सांगते ती किमान पातळी, आणि तीही तपासणीच्या दिवशी दिसलेली. लेकीच्या पोस्टिंगच्या दिवशी काय असेल, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी नर्सिंग शिकवत होते. त्या कॉलेजातल्या दोघी शिक्षिका सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागा भरल्या नव्हत्या, नावं मात्र यादीत तशीच होती. एका सकाळी माझ्या वाट्याला दोन मजल्यांवरचे दोन वॉर्ड आणि २२ मुली आल्या. मी खाली एकीला कॅथेटर (लघवीची नळी) घालायला शिकवत होते, तेव्हा वर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी इन्सुलिन भरत होती. ऑर्डर १० युनिटची. ट्रेमध्ये इन्सुलिनची सिरिंज नव्हती, म्हणून तिने साधी घेतली आणि १ मिलीपर्यंत भरली. त्या बाटलीतल्या १ मिलीत १०० युनिट होते. दहापट डोस. वॉर्डच्या सिस्टर नेमक्या त्याच वेळी ट्रेकडे वळल्या, म्हणून तो रुग्णाला गेला नाही.

ती मुलगी हुशार होती, वर्गात इन्सुलिनवरच्या प्रश्नांना तिने पटापट उत्तरं दिली होती. त्या क्षणी तिच्या शेजारी मी उभं राहायला हवं होतं, आणि मी एक मजला खाली होते. ही गोष्ट मी व्यवस्थापनाला सांगितली, तेव्हा उत्तर मिळालं, "सगळीकडे असंच चालतं." तेव्हापासून कोणत्याही नर्सिंग कॉलेजबद्दल माझा पहिला प्रश्न एकच असतो. वॉर्डात एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी?

हा प्रश्न तुम्ही असाच विचारा, शब्द न बदलता. कारण 'तुमच्याकडे शिक्षक-विद्यार्थी प्रमाण काय?' असं विचारलंत तर प्राचार्यांपासून ग्रंथालयापर्यंत सगळ्यांना धरून काढलेला आकडा मिळेल. तो खोटा नसतो, पण तुमच्या कामाचाही नसतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या ठिकाणी एका शिक्षिकेमागे साधारण १० विद्यार्थी ही मर्यादा नियमानेच घातलेली आहे. अतिदक्षता विभाग किंवा लेबर रूममध्ये तर दहाही जास्तच होतात. 'वॉर्डातल्या सिस्टर बघतात ना' असं उत्तर आलं तर थांबून पुढचं विचारा. त्या सिस्टरवर त्यांच्या रुग्णांचा भार असतोच. विद्यार्थिनींना शिकवण्यासाठी त्यांना वेगळा वेळ दिलाय का? शिकवण्याचं काही प्रशिक्षण दिलंय का? दिलं असेल तर ही पद्धत चांगली चालते. नसेल तर मुली कोपऱ्यात उभ्या राहून बीपीचे आकडे लिहीत दिवस काढतात.

शिकवणाऱ्यांची पात्रताही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नर्स आणि मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) यांच्या मूलभूत शिक्षणासाठी जागतिक मानकं प्रसिद्ध केली. त्यांत अभ्यासक्रमाची प्रमुख व्यक्ती स्वतः नर्स किंवा मिडवाइफ असावी, पदव्युत्तर शिकलेली असावी, तिला प्रशासनाचा अनुभव आणि शिक्षक म्हणून जाण असावी, असं म्हटलं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिने कधी रात्रपाळी केलेली नाही, ती व्यक्ती वेळापत्रक बनवताना परीक्षा आणि सुट्ट्या जुळवते. रात्रपाळीनंतर सकाळी आठला तास ठेवला तर मुली काय शिकतील, हे तिच्या डोक्यात येत नाही. प्राचार्यांना भेटा. त्या पूर्णवेळ आहेत का आणि शिक्षक नेमण्यात त्यांचं किती चालतं, एवढं विचारा. रिकाम्या जागेबद्दल त्या मोकळेपणाने बोलल्या तर मी ते चांगलं लक्षण मानते.

आता तुमचा मुख्य पेच. स्वतःचं रुग्णालय मोठं की लॅब मोठी?

आधी रुग्णालयाचं. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा सुरू झाली आणि रुग्णालयाला जोडलेली नर्सिंग शाळा ही पद्धत जगभर गेली. तिचा मोठा फायदा म्हणजे रुग्णाजवळ बसून शिकणं. तोटाही तिथेच दडलेला होता. बऱ्याच रुग्णालयांना कळलं की विद्यार्थिनी म्हणजे स्वस्तात मिळणारे हात. शिकवणं मागे पडलं, ड्युटी पुढे आली. १९२३ मध्ये अमेरिकेत नर्सिंग शिक्षणावरच्या गोल्डमार्क अहवालाने याच दुखण्यावर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतःच्या डीन आणि स्वतःच्या अंदाजपत्रकासह नर्सिंग शाळा उघडली, म्हणजे मुलींचं वेळापत्रक रुग्णालयाच्या गरजेवर ठरू नये. हे दुखणं अजून पूर्ण गेलेलं नाही. ब्रिटनमध्ये विद्यार्थी वॉर्डात असताना त्यांना कर्मचाऱ्यांच्या संख्येत धरायचं नाही, असा आजही लेखी नियम आहे. तो लिहावा लागतो, यातच सगळं आलं.

म्हणून दुसऱ्या कॉलेजात विचारा, सकाळच्या पाळीत विद्यार्थिनी नसतील तर वॉर्ड चालेल का? प्राचार्यांना नको, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. त्या हसल्या तर समजून जा.

लॅबबद्दल अनेकांच्या मनात उगीच अढी असते, ती काढून टाका. अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग परिषदांच्या राष्ट्रीय संघटनेने १० कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांवर केलेला मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास पुतळ्यांवरच्या सरावाने भरून काढले, तरी मुलांचं ज्ञान आणि कौशल्य कमी पडलं नाही. हृदय बंद पडणं किंवा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव असे प्रसंग पोस्टिंगमध्ये समोर येतीलच असं नाही. लॅबमध्ये ते हवे तेव्हा उभे करता येतात. पण या निष्कर्षाला अट होती: तिथले शिक्षक या पद्धतीत तयार केलेले होते, आणि प्रत्येक सरावानंतर मुलांना बसवून काय चुकलं, का चुकलं यावर चर्चा होत असे. शिक्षक नसतील तर तो महागडा पुतळा आच्छादनाखालीच राहतो. लॅब बघायला जाल तेव्हा पुतळ्याच्या हातावरच्या शिरांची जागा पाहा. सुयांनी चाळण झालेली असेल तर तिथे खरंच काम होतं. पाहुण्यांसाठीच्या लॅबमध्ये ती जागा कोरी असते.

करारावरच्या रुग्णालयांनी बिचकू नका, पण करार लेखी हवा. कोणते विभाग, किती आठवडे, त्याच खाटांवर आणखी किती कॉलेजांच्या मुली? एका बाळंतपणाभोवती तीन कॉलेजांच्या मुली उभ्या असतील तर लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, सही होते, शिकणं होत नाही. तासांचा अंदाज यावा म्हणून सांगते. युरोपीय संघाच्या नियमानुसार सर्वसाधारण नर्सच्या शिक्षणाला किमान ३ वर्षं आणि ४६०० तास लागतात, त्यातले निदान निम्मे रुग्णांसोबतचे आणि किमान एक तृतीयांश वर्गातले. इतर ठिकाणी आकडे वेगळे असतील, पण एखादं कॉलेज पोस्टिंगचे तास सांगायलाच अडखळत असेल तर सावध व्हा.

निकालाचा आकडा घेताना फक्त शेकडा प्रमाण घेऊ नका. किती जणी दाखल झाल्या, किती वेळेत पूर्ण झाल्या, नोंदणीची परीक्षा असेल तिथे पहिल्या प्रयत्नात किती उत्तीर्ण, हे तिन्ही विचारा. कच्च्या मुलींना परीक्षेलाच न बसवता निकाल शंभर टक्के करणारी कॉलेजं मी पाहिली आहेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की घरात काही जण म्हणतात, एवढी छाननी कशाला, शेवटी नर्सच व्हायचंय ना. ताई, हे वाक्य मला लागलं. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातल्या ९ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला होता. शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्या रुग्णालयांत पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. नर्सचं शिक्षण कसं झालं याचा संबंध रुग्णाच्या जगण्यामरण्याशी आहे. त्या जणांना एवढं जरूर सांगा.

तुमच्या वर्णनावरून माझा कल दुसऱ्या कॉलेजकडे आहे, पण अटीवर. तिथे वॉर्डात एका शिक्षिकेमागे दहा-बारा मुली असतील आणि मुलींना ड्युटीवरच्या नर्सच्या जागी वापरत नसतील, तर जुनी इमारत आनंदाने चालवून घ्या. तिथे वीस-बावीस निघाल्या आणि पहिल्याकडे शिक्षक पुरेसे व करार पक्के असतील, तर पहिलं घ्या. लेकीला सोबत न्या आणि प्रश्न तिलाच विचारू द्या. तिने पुढे नर्सिंग शिकवायचं म्हटलंय, ते वाचून मला फार आनंद झाला, कारण चांगल्या शिक्षिकांची टंचाई फार आहे. पण आधी काही वर्षं वॉर्डात काढायला सांगा, मग पदव्युत्तर.

दोन्हीकडून तिसऱ्या वर्षाचं पोस्टिंगचं वेळापत्रक आणि एखादं भरलेलं लॉगबुक, रुग्णांची नावं झाकून, पाहायला मागा. वेळापत्रकाची प्रत मिळाली तर मला पाठवा. शिक्षिकांची नावं आणि वॉर्ड समोरासमोर ठेवले की कोण कुठे किती मुलींसोबत असेल ते मी तुम्हाला मोजून देते.