मृगाच्या आत: टॉवर आणि अँटेनाविषयी वाचकांचे प्रश्न

एप्रिल संपत आला की मला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. थंडीत लोक विचारतात, नवा टॉवर कुठे उभारू? उन्हाळ्यात विचारतात, आहे तो पावसाळ्यात टिकेल का? यंदाच्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते: मी आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं वायरमन ट्रेडला शिकवलं. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा परवाना मात्र त्या नोकरीहूनही जुना आहे. आता दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहते.

नुकतीच हॅम परवान्याची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झाले. बाबा ६० फुटी टॉवरसाठी पैसे द्यायला तयार आहेत. कोणता घेऊ?
(विद्यार्थिनी, औसा, जि. लातूर)

मनापासून अभिनंदन. आणि बाबांना सांग, पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. तुला टॉवर नको, तार हवी आहे.

का ते सांगते. तुझ्या ग्रेडला ३० मेगाहर्ट्झच्या खाली ५० वॅटपर्यंत परवानगी आहे. तू सुरुवात ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटर बँडवर करशील, कारण दिवसभर आपली माणसं तिथेच भेटतात. या बँडवर तरंगलांबी ४२ मीटरच्या आसपास असते. आडवी तार जमिनीपासून १० मीटरवर, म्हणजे साधारण पाव तरंगलांबीवर असेल, तर तिची बरीचशी शक्ती सरळ वर जाते, आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटते आणि उघडलेल्या छत्रीसारखी चारी बाजूंना खाली येते. ही छत्री प्रत्येक दिशेला चारेकशे किलोमीटर पसरते. औशाहून पुणे, हैदराबाद, नागपूर सगळं त्यात येतं. तीच तार ६० फुटांवर नेलीस तर लांबचं थोडं सुधारेल, पण जवळच्या माणसांसाठी त्यानं काही साधणार नाही.

आता माप. १४३ ला मेगाहर्ट्झने भाग, तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा. कापताना प्रत्येक बाजूला अर्धा मीटर जास्त ठेव. कमी करता येतं, वाढवताना जोड येतो. प्लॅस्टिक वेष्टनाची तार असेल तर ती हिशेबापेक्षा थोडी आखूडच लागेल.

खांबासाठी दोन इंची जीआय पाइपची सहा मीटरची एक लांबी घे. तिच्यात पाच मीटरचा दीड इंची पाइप एक मीटर आत सरकवून दोन आरपार बोल्ट मार, आणि दोन पाइपांमधली फट पत्र्याच्या पट्टीनं भर. दहा मीटर झाले. खांबाच्या टोकाला तारेचा मधला जोड, तिथून दोन्ही बाजू उताराला, टोकं जमिनीपासून तीन मीटरवर. पसारा साधारण चौदा मीटरचा होतो. टोकं याहून खाली आणू नकोस. बोलत असताना तिथे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं आणि हात लागला तर भाजतं. खांबाला तीन दिशांना दोरांचे ताण दे. दोर पॉलिस्टरचा घे. स्वस्तातला निळा प्लॅस्टिकचा दोर उन्हात एका वर्षात भुगा होतो. बुंध्याला बिजागरीसारखा एक आडवा बोल्ट ठेवलास तर तू आणि बाबा मिळून तो खांब पंधरा मिनिटांत आडवा करू शकाल. माझ्या मते सुरुवातीच्या अँटेनाची ही एकच खरी परीक्षा: ती दोघांना सुखरूप खाली घेता आली पाहिजे.

आणि या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ: जागा निवडताना वीजमंडळाच्या तारा बघ. खांब कुठल्याही दिशेला सपशेल आडवा पडला, तरी त्याच्या उंचीच्या निम्मं अंतर शिल्लक उरेल एवढ्या लांब त्या हव्यात. माणसं फक्त उंचावरून पडून जात नाहीत, उभा करताना पाइप तारेला लागूनही जातात. घरावर येणारी सर्व्हिस वायरही त्यात धर.

दोन वर्षांपूर्वी अँटेना लावली तेव्हा एसडब्ल्यूआर १.८ होता. काहीही न करता आता १.२ दाखवतोय. हे चांगलं ना?
(जळगाव)

नाही. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, एरवी १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. पण तुमच्या रेडिओपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलमध्ये पाणी शिरलंय. अँटेनाकडून परत येणारी शक्ती मीटरपर्यंत पोचायच्या आधी केबलच खाऊन टाकते, म्हणून आकडा सुंदर दिसतो. खात्री करून घ्या: केबलचं वरचं टोक सोडा आणि उघडं ठेवून खालून अगदी कमी शक्तीवर मोजा. धड केबलला आकडा फार मोठा यायला हवा. दोन-तीनच्या घरात आला तर ती केबल काढून टाका. सुकवून उपयोग नाही, आतली जाळी काळी पडलेली असते. नवी लावाल तेव्हा जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप लावा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

माझा टॉवर १२ मीटरचा, लोखंडी अँगलचा. दरवर्षी रंग देतो. तरी खाऱ्या हवेत किती वर्षं भरवसा ठेवावा?
(गुहागर, जि. रत्नागिरी)

तुमच्या पत्रात रंगाचा उल्लेख तीनदा आहे, आणि ताणाच्या तारा जमिनीत जिथे शिरतात त्या जागेचा एकदाही नाही. मीही तशीच होते. म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझा टॉवर १५ मीटरचा, तिकोनी जाळीचा, गरम जस्तात बुडवून काढलेला. दोन उंचींवर तीन-तीन स्टे, म्हणजे ताणाच्या तारा. वाऱ्याचा हिशेब मी स्वतः केला होता. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. पुण्यासाठी तो ३९ आहे. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की एका चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ४४ ला तो सुमारे ११८ किलो वजनाइतका भरतो. वर अर्ध्या चौरस मीटरची यागी (जुन्या टीव्ही अँटेनासारखी, एका दिशेला रोखलेली अँटेना) असेल तर नुसती तीच टॉवरच्या डोक्याला साठ किलोंनी आडवं ढकलते. मी मुंबईचा आकडा धरूनच सगळं घेतलं होतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. माझ्या हिशेबाच्या बराच आत. तरी दुपारी टॉवर गेला. आवाज आला तो मी अजून विसरलेले नाही: आधी तार तुटल्यासारखा एक टणत्कार, मग काही क्षण काहीच नाही, मग शेजारच्या वाडीतल्या पोफळींवर तो पडला.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर एकही तार तुटलेली नव्हती. पूर्वेकडचा स्टे सळईसकट जमिनीतून वर आला होता. जमिनीबाहेर सळई वीस मिलिमीटर जाड, रंग तुकतुकीत. जमिनीखाली वीतभर ती पेन्सिलीएवढी उरली होती. आमच्या जांभ्याच्या मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळतात, आणि गंज त्या वीतभर पट्ट्यातच सर्वांत जोरात चालतो. मी पंधरा वर्षं नेमकी त्याच्या वरची बाजू रंगवत होते.

आता मी काय करते ते लिहिते. स्टे ज्यांत रोवतात ते काँक्रीटचे नवे गट्टू जमिनीच्या वर वीतभर आणले आहेत आणि त्यांच्या माथ्याला उतार दिलाय, म्हणजे लोखंडाला माती लागतच नाही. तुमचे जुने असतील तर एका वेळी एकच स्टे उकरून बघा. त्याआधी शेजारी तात्पुरता स्टे बांधून ताणलेला हवा. एकही स्टे त्याशिवाय सोडायचा नाही, ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणूनसुद्धा नाही. सळई मूळ जाडीपेक्षा कुठेही कमी दिसली तर बदला.

तारेच्या क्लिपाही बघा. यू-बोल्टची क्लिप लावताना चपटा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या तारेवर यायला हवा आणि यू दुमडलेल्या टोकावर. उलटं लावलं तर यू भाराच्या तारेलाच चेपतो. मी बघितलेल्या टॉवरांपैकी निम्म्यांवर ते उलट असतं. प्रत्येक टोकाला तीन क्लिपा, आणि टर्नबकलच्या (तार ताणायच्या फिरत्या स्क्रूच्या) पोटातून एक सुरक्षा-तार ओवलेली, म्हणजे कंपनांनी तो फिरून सैल होत नाही. तांब्याची पट्टी जस्ताच्या पायाला थेट आवळू नका. खाऱ्या ओलीत जस्त आधी जातं, मग लोखंड. मध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा घाला. स्टेनलेसमध्येही समुद्राकाठी ३१६ मागा, ३०४ वर तांबूस डाग लवकर येतात.

पाडव्याची गुढी उतरली की माझी तपासणी सुरू होते आणि मृगाच्या आत संपते. दुर्बीण घेऊन आधी खालून बघते, मग वर. आता चौसष्टाव्या वर्षी मी सहा मीटरच्या वर जात नाही. वरचं काम माझा जुना विद्यार्थी करतो. त्याच्या पट्ट्याला दोन दोर असतात. एक सोडण्याआधी दुसरा अडकवलेला असतो, आणि खाली मी असते.

निसर्गानंतर आमच्या गावात वीज यायला जवळपास महिना लागला, मोबाइलही बंद. तिसऱ्या दिवशी मी मोडक्या नारळाच्या बुंध्यापासून घराच्या कोन्यापर्यंत वीस मीटर तार ओढली, १२ व्होल्टची बॅटरी लावली, आणि पुण्याच्या दोस्तांशी बोलले. शेजारच्या चार घरांचे निरोप त्यांनी मुंबईला फोन करून पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या आणि २६ तारखेच्या त्सुनामीनंतर त्यांच्या रेडिओवरून अंदमानची खबर मुख्य भूमीवर येत राहिली, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवशी तार बांधताना माझे हात थरथरत होते.

शेतातल्या टॉवरचे स्टे उन्हाळ्यात सैल पडतात, पावसाळ्यात वीणेच्या तारेसारखे ताणले जातात. गवंडी म्हणतो काँक्रीट कमी पडलं.
(परभणी)

काँक्रीट कमी नाही, ते चुकीच्या थरात आहे. तुमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यात बसवलेला गट्टू दरवर्षी हलत्या दातासारखा वर-खाली होणार. काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणा, काँक्रीट मुरमात ओता, आणि सळईभोवती काढलेली माती परत न टाकता मुरूमच भरा. काँक्रीटला पाणी मारत अठ्ठावीस दिवस द्या, मगच पूर्ण ताण. तोवर वर्षातून दोनदा, होळीला आणि पोळ्याला, टर्नबकल जुळवून घ्या. ताण तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाएवढा पुरे.

स्टेच्या खालच्या दोन मीटरवर पिवळा पाइप चढवा. संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याला बारीक तार दिसत नाही. आणि बैल त्याला बांधू देऊ नका, कुणी कितीही जवळचा असला तरी.

सोसायटी गच्चीवर काही बसवू देत नाही.
(ठाणे)

समितीची भीती बहुतेक गळतीची असते, आणि ती रास्त आहे. लेखी कळवा की वॉटरप्रूफिंगला एकही भोक पडणार नाही: तिपाईवर वाळूच्या पोत्यांचं वजन, आणि कठड्याला क्लॅम्प. पहिल्या वर्षी फक्त बारीक तार मागा. इमारतीच्या वीजवाहकाला (पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या पट्टीला) आणि पाण्याच्या टाकीला काही बांधू नका. जवळ विमानतळ असेल तर उंच खांबाचा विचार परवानगी हातात आल्यावरच.

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलानं गच्चीवर अँटेना लावली आहे. तिच्यामुळे घरावर वीज पडेल का? वळवाचा पाऊस आला की मला झोप लागत नाही.
(एक आई, सांगली)

ताई, खरं ते सांगते. अँटेना लांबून वीज ओढून आणत नाही. पण घरावरचं सर्वांत उंच टोक ती असेल, तर वीज पडायचीच झाली तर तिथे पडण्याची शक्यता वाढते. शंभर टक्के संरक्षण देणारं साधन कुठलंच नाही. तरी बरंच काही हातात आहे.

गच्चीवरच्या खांबाच्या खाली, जमिनीत तीन मीटरचा अर्थिंग रॉड, शक्य तर तीन, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर. खांब आणि ते सगळे रॉड घराच्या मूळ अर्थिंगला जाड तांब्याच्या पट्टीनं जोडलेले हवेत. दोन अर्थिंग वेगवेगळी राहिली तर वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो, आणि तो रेडिओतून किंवा माणसातून मार्ग काढतो. हे काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि जोडणी चालू असताना शेजारी उभ्या राहा. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. कोरडा खड्डा असून नसल्यासारखा.

दुसरं रोजचं आहे. रेडिओतून केबल काढून टेबलावर ठेवणं पुरेसं नाही, ते टोक घराबाहेर जायला हवं. मी खिडकीबाहेर एक पत्र्याची पेटी बसवली आहे. केबल तिथे अर्थला जोडलेल्या सॉकेटला लावून ठेवते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर रेडिओ लावतच नाही. पहिला गडगडाट ऐकायच्या आत हे झालेलं असावं, कारण गडगडाट ऐकू आला म्हणजे ढग आलेलाच आहे. त्यानंतर केबलला हात लावायचा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

मुलाला ही पेटी त्याच्या हातानं करायला लावा. पंधरा वर्षांचा मुलगा अर्थिंगचा रोध मोजायला दोन दुपारींत शिकतो. मोजलेला आकडा आणि तारीख त्यानं पेटीच्या झाकणाच्या आत लिहावी, आणि दर पाडव्याला नवा आकडा त्याखाली. पहिला आकडा मला कळवा. पाच ओहमच्या वर असेल तर पुढं काय करायचं ते पाऊस पडायच्या आत सांगेन.